फुकटचा फटका

पूलच्या खेळात सगळ्यात महाग काय असेल, तर पहिला फटका. पंधरा रंगीत बॉल त्रिकोणात एकमेकांना चिकटवून मांडायचे, समोरून पांढरा बॉल त्यांच्यावर सणकून घालायचा आणि मांडणी उधळून लावायची. याला ब्रेक म्हणतात. फटक्याला लागतो एक सेकंद. पण तोच फटका पुन्हा मारायचा म्हटलं की बॉल सहा पॉकेटांतून आणि टेबलाच्या चार कोपऱ्यांतून गोळा करा, त्रिकोणी चौकटीत भरा, काळा आठ नंबर मधोमध आलाय का बघा, मागच्या दोन कोपऱ्यांत एक पट्ट्याचा आणि एक भरीव रंगाचा आलाय का बघा, कुठे फट राहिली नाही ना हे वाकून बघा आणि मग श्वास रोखून चौकट उचला. पार्लरमध्ये टेबलाचे पैसे तासावर असतात. म्हणजे ब्रेकचा सराव करणारा माणूस जे भाडं भरतो, ते मुख्यतः बॉल वेचण्याचं. आमच्या बीड जिल्ह्यात कापूस वेचायची मजुरी मिळते. वेचण्यासाठी पदरचे पैसे देणारा जिल्ह्यातला पहिला माणूस बहुधा मीच.

हे खूळ डोक्यात शिरलं ते पुण्याच्या ऑफिसात. आमच्या कॅन्टीनमध्ये एक पूल टेबल आहे आणि दर डिसेंबरात स्पर्धा असते. मागच्या स्पर्धेत मी ब्रेकला उभा राहिलो. आपल्यात किती जोर आहे ते सगळ्या मजल्याला कळावं, एवढ्याच हेतूने क्यू, म्हणजे फटका मारायची काठी, मागे घेतला. पांढरा बॉल पहिल्या बॉलला भेटला, तिथून वर उठला आणि शेजारी जेवत बसलेल्या सहकाऱ्याच्या आमटीच्या डब्यात उतरला. यामागचं शास्त्र मला नंतर कळलं. टेबलाच्या कडेमुळे क्यूची मागची बाजू थोडी उंच राहते, त्यामुळे फटका किंचित खाली दाबून बसतो. मग बॉल बारीक उड्या मारत जातो आणि हवेत असतानाच पुढच्या बॉलवर आदळला तर त्याच्या डोक्यावरून वर चढतो. जेवढा जोर, तेवढी उडी. बॉल टेबलाबाहेर गेला की पूलच्या नियमाने फाउल होतो. आमटीबद्दल नियमात काही नाही. ती उणीव सहकाऱ्याने स्वतःच्या शब्दांत भरून काढली.

यंदा स्पर्धेच्या आधी घरून काम करायची मुभा मिळाली आणि मी गावी, युसूफ वडगावला आलो. आमचं गाव केज तालुक्यात. गावात पोलीस ठाणं आहे, शाळा आहे, सोयाबीनच्या भावाचं भाकीत करणारे जाणकार पारावर आहेत. पूलचं टेबल नाही. अंबाजोगाईला किंवा लातूरला टेबल शोधत जावं, तर तासाच्या भाड्यात जाण्यायेण्याचं भाडं मिळवावं लागतं. मी हिशेब खात्यात असल्यामुळे लगेच तक्ता तयार केला: ‘ब्रेकचा सराव, परवडेल अशा दरात’. येताना ऑफिसचा पांढरा बॉल बॅगेत टाकून आणला होता. तोही न विचारता नव्हे. रात्रपाळीच्या वॉचमनला विचारलं होतं.

पहिला अडथळा अण्णांचा, म्हणजे वडिलांचा. ओसरीवर पेपर वाचत त्यांनी माझी योजना ऐकून घेतली.

“असलं टेबल केवढ्याला येतं?”

“दगडी पाटाचं चांगलं घेतलं तर लाखाच्या वर.”

“तेवढ्यात मुऱ्हा म्हैस येती.”

म्हशीवर ब्रेकचा सराव होत नाही, हे मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हणालो, “अण्णा, विल्सन जोन्स पुण्यात जन्मले. 1958 साली कोलकात्यात बिलियर्डचे जगज्जेते झाले, 1964 साली पुन्हा झाले. भारताला असा जगज्जेता त्याआधी मिळालाच नव्हता. आताचा पंकज अडवाणी, तोही जन्माने पुण्याचाच.”

अण्णांनी पेपर खाली ठेवला. “सगळे पुण्याचेच हायेत, तर मग पुण्यातच सराव कर की. हितं कामून आलास?”

या प्रश्नाला तक्त्यात रकाना नव्हता.

दुसरीत जाणारा पुतण्या मात्र उत्साही होता. “काका, आपल्याकडं कॅरम हाय की!” मला ते पटलं. तिथेही सोंगट्या मधोमध मांडतात आणि पहिल्या फटक्याने फोडतात. काळ्या नऊ, पांढऱ्या नऊ आणि एक राणी. बोर्ड घरचा, पावडर घरची, खर्च शून्य. मी दात-ओठ खाऊन स्ट्रायकर हाणू लागलो. राणी सोडून बाकी सगळ्या सोंगट्या बोर्डाखाली जाऊ लागल्या आणि पुतण्या त्या वेचून आणू लागला. वेचणीचा प्रश्न तरी सुटला.

शेजारी निवृत्त गुरुजी राहतात. त्यांना कुठलीही गोष्ट अर्धवट कळलेली चालत नाही. रात्रीतून मोबाइलवर वाचून ते सकाळी हजर झाले. “चुकताय तुम्ही. कॅरमचा स्ट्रायकर पंधरा ग्रॅमच्या आत. पूलचा बॉल एकशे साठ-सत्तर ग्रॅमचा. शिवाय स्ट्रायकर घसरतो, बॉल घरंगळतो. याचा त्याला उपयोग नाही.” तोपर्यंत माझ्या मधल्या बोटाचं नख निळं पडलं होतं, त्यामुळे शास्त्रीय कारण मिळाल्याचं समाधान झालं. गुरुजी तेवढ्यावर थांबले नाहीत. स्नूकर हा खेळच मुळी आपल्या जबलपूरचा, 1875 साली पावसाळ्यात छावणीत कोंडल्या गेलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी वेळ जात नाही म्हणून काढलेला, हेही त्यांनी सांगितलं. आमच्याकडे असा खेळ का निघाला नाही, याचं उत्तर अण्णांनी पेपराआडून दिलं. “आमच्याकडं पाऊस कुठं तेवढा पडतो?”

आता क्यू. बाजारातला साधा क्यूसुद्धा हजाराच्या घरात जातो. डिसेंबर जवळ आला होता, उसाचा हंगाम चालू होता, आणि बांधावर उभं राहून बघताना मला साक्षात्कार झाला. ऊस सरळ असतो. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला निमुळता असतो. क्यू तरी दुसरं काय असतो? क्यूचं वजन साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास, ऊस सहज किलोच्या पुढे. पण ब्रेकला जड हत्यार बरं, असा माझा कयास. चांगला लांब ऊस निवडला, विळ्याने पेरं तासून गुळगुळीत केला आणि ओसरीच्या कोपऱ्यात उभा करून ठेवला. ऑफिसचा कॉल संपवून बाहेर आलो तेव्हा क्यू अर्धा झाला होता. पुतण्या पायरीवर बसून चोथा थुंकत होता. मी आरडाओरडा केल्यावर आई बाहेर आली आणि तिने त्याला समजावलं, “शेंड्याकडून कामून खातोस बाळा? बुडखा खावा, बुडख्याला गोडी असती.”

उरलेला बुडखा मुंग्यांनी नेला.

मग सुतारकाम. बाभळीचा दांडा औताला टिकतो, तर माझ्या फटक्याला का टिकू नये? सुतारमामांनी दांडा तासून दिला. तो अगदी किंचित डावीकडे वळलेला होता. “लाकूड ओलं हाय. दोन-चार महिने वाळू द्या, मग बघा कसं ऱ्हातंय,” ते म्हणाले. माझ्याकडे दोन-चार महिने नव्हते. क्यूच्या टोकाला चामड्याची टोपी लागते. ती चांभारदादांनी जुन्या वहाणेतून कापून डकवली. ही चामड्याची टोपी 1807 च्या सुमारास फ्रान्समध्ये मिंगो नावाच्या सेनाधिकाऱ्याने तुरुंगात असताना शोधून काढली, असं गुरुजींकडून कळलं. तुरुंगात त्याला टेबलही होतं आणि वेळही होता. स्वस्त सरावाचा हा मार्ग मी तक्त्यात लिहून बघितला. ठाणं गावातच असल्यामुळे जाण्यायेण्याचा खर्चही नव्हता. पण अण्णांचं तोंड आठवलं आणि खोडून टाकला.

खडू गुरुजींनी शाळेतून आणून दिला. वहाणेच्या चामड्यावर तो भरपूर घासला आणि पहिल्याच फटक्याला क्यू बॉलवरून सटकून माझ्या गुडघ्याखाली गेला. तेव्हा गुरुजींना पुढचा परिच्छेद वाचायचं सुचलं. पूलचा तो निळा खडू मुळात खडूच नसतो. 1897 साली अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं गेलं, ते रेतीची पूड आणि कुरुंदाच्या मिश्रणाचं. ते चामड्याला पकड देतं. शाळेचा खडू निसरडा. फळ्यावर लिहायला ठीक, आणि फळ्यावरही तो कुठे टिकतो, असं गुरुजी स्वतःशीच म्हणाले.

टेबलाचा प्रश्न मात्र मी माझ्या अकलेने सोडवला, म्हणून त्याला सगळ्यात जास्त खर्च आला. पूलच्या चांगल्या टेबलाचा पाट दगडाचा असतो. एकेक इंच जाडीच्या तीन शिळा, काटेकोर समतल केलेल्या, सांधे मेणाने भरलेले. आमच्याकडे गोठ्याच्या दुरुस्तीतून शहाबादी फरश्या उरल्या होत्या. दगडच की तो! दोन माणसं आणि एक टेम्पो लावून त्या मागच्या रानातून घरी आणल्या आणि ओसरीत विटांवर मांडल्या. मेण नव्हतं, सांध्यांत शेणमाती लिंपली. कडेला फळ्या ठोकल्या, त्यांना ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या मारल्या. टेबलावर हिरवं लोकरी कापड घट्ट ताणलेलं असतं. लोकर म्हटल्यावर मी आजोबांची घोंगडी अंथरली.

पांढरा बॉल ठेवला. हात काढताच तो निघाला. मी कुठेही ठेवावा, तो मोरीच्या कोपऱ्यात जाऊन थांबे. मधे घोंगडीची लव आडवी आली तर थोडा विचार करी, वळसा घेई आणि पुन्हा मोरीकडे. गुरुजी म्हणाले, वाऱ्यांना वळण लावणारा कोरिओलिसचा नियम आहे ना, त्या कोरिओलिसने 1835 साली बिलियर्डच्या गणितावर आख्खा ग्रंथ लिहिलाय. यात त्याचाच काही भाग असणार. अण्णांनी पेपरातून मान वर केली. “ओसरीला उतार हाय. पाणी साचू नये म्हणून मी मुद्दाम ठिवलाय.” कोरिओलिस तिथल्या तिथे मिटला. मोरीच्या बाजूला एकेक वीट वाढवली, तेव्हा बॉल घरात जायला लागला. मग अर्धी वीट काढली.

आता पंधरा बॉल. नवा संच घ्यायचा तर सगळी काटकसर पाण्यात जाणार. साधारण सव्वादोन इंच व्यासाची, कठीण, गोल आणि फुकट मिळणारी वस्तू कोणती? रानातल्या कवठाखाली उभा असताना ती माझ्या डोक्यावर पडता पडता राहिली. पूर्वी बिलियर्डचे बॉल हस्तिदंताचे असत. हत्ती पुरेनात म्हणून 1860 च्या दशकात न्यूयॉर्कच्या एका कंपनीने पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलर देऊ केले होते, आणि त्या खटाटोपातून हायट नावाचा माणूस सेल्युलॉइडपर्यंत पोचला. अख्ख्या अमेरिकेत कवठ कोणालाच सुचलं नाही, याचा मला त्या दुपारी अभिमान वाटला.

साधारण एका मापाची पंधरा कवठं निवडली, तीन फूटपट्ट्यांचा त्रिकोण करून मांडली. आठव्यावर कोळशाने खूण केली. ओसरीवर गर्दी जमली. भावकी, शेजारपाजार, दुधाला आलेली पोरं. मी बाभळीचा दांडा मागे घेतला आणि सगळ्यांच्या अपेक्षांना जागून फटका मारला. बॉल आयुष्यात पहिल्यांदा सरळ गेला. पहिलं कवठ फुटलं, त्याच्यामागची दोन तडकली, गर घोंगडीवर पसरला आणि पिकल्या कवठाचा आंबूस-गोड वास वेशीपर्यंत गेला असावा, कारण गर्दी वाढली. आई पातेलं घेऊनच आली. गूळ, मीठ, तिखट घालून रात्री चटणी झाली. फुटलेल्याची पुरली नाही म्हणून न फुटलेलीही फोडली. सरावाचं साहित्य खाण्याची आमच्या घराची रीत आता पक्की झाली होती. चामड्याची टोपी तेवढी शिल्लक होती, तीही कुत्र्याने हुंगून ठेवली होती.

याच सुमारास ऑफिसच्या ग्रुपवर निरोप फिरू लागले. ‘व्हाइट कुठंय?’ ‘व्हाइट कोणी नेलाय का?’ ‘स्पर्धेचा सराव कसा करायचा?’ पांढऱ्या बॉलशिवाय पूल खेळता येत नाही. माझ्यामुळे आख्ख्या ऑफिसचा सराव बंद पडला होता. ही गोष्ट मी ठरवून केली नव्हती, पण तक्त्याच्या जमेच्या बाजूला लिहून ठेवली.

कवठं संपल्यावर मी एकट्या पांढऱ्या बॉलवर जोर काढायचं ठरवलं. निदान वेग तरी वाढेल. चांगल्या खेळाडूचा ब्रेक ताशी तीस-पस्तीस किलोमीटरने जातो. आपला किती, हे बघायला पुतण्याच्या हातात मोबाइलचं घड्याळ दिलं, दोन पावलं मागे गेलो आणि कमरेपासून सगळं अंग फटक्यात घातलं. बॉलने घोंगडीला जेमतेम स्पर्श केला, समोरच्या ट्यूबवर आपटला, तिथून अंगणात, अंगणातल्या रांजणाच्या काठावर आणि तिथून आडाच्या कठड्यावरून आत. मला हवा होता तसा दणदणीत आवाज अखेर झाला. फक्त तो खालून आला.

“काका, तीन सेकंद,” पुतण्या म्हणाला.

पूलचा बॉल पाण्यापेक्षा जड असतो, तो तळाला बसतो. लोहचुंबकाला तो दाद देत नाही. पोहरे काढायचा गळ टाकून बघितला, पण गोल वस्तूला गळ कुठे अडकवणार? एव्हाना आडाभोवती माणसं जमली होती. काय पडलं, या प्रश्नाला मी ‘बॉल’ म्हणून खरं उत्तर देत होतो, म्हणून कोणाचाच विश्वास बसत नव्हता. एका बॉलसाठी पुण्याचा माणूस एवढा घामाघूम होईल का? आधी माझा मोबाइल पडल्याचं ठरलं, मग आईच्या पाटल्या, आणि पारापर्यंत पोचेतो माणूसच पडला होता. ठाण्यात कळवायचं का, असं कोणीतरी काळजीने विचारलंही. अण्णांनी त्याला हात धरून आडाजवळ आणलं आणि मला दाखवलं. “माणूस हा हाय. पडायचा राहिलाय.”

शेवटी आडात उतरणाऱ्या एका गड्याला बोलावलं. पाचशे रुपये आणि जेवण ठरलं. तो दोराने उतरला, बुडी मारली आणि एक गंजलेली बादली वर पाठवली. दुसऱ्या बुडीला पोहऱ्याची कडी. तिसऱ्या बुडीला पितळी तांब्या.

तांब्या वर आला आणि आडाभोवती शांतता पसरली. ताईच्या लग्नात हरवलेला तो तांब्या. तो चुलतीने नेला, असं आईचं ठाम मत होतं आणि त्या मतावर दोन्ही घरांनी कित्येक दिवाळ्या वेगळ्या काढल्या होत्या. चुलती समोरच उभी होती. तिने तांब्याकडे बघितलं, मग आईकडे.

“पोरांनी पाडला असंल बाई तवा,” आई म्हणाली.

“असंल की,” चुलती म्हणाली. “पोरंच पाडत्यात सगळं.”

आणि दोघींनी मिळून माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांनी त्यांचं एकमत झालं, तेही माझ्यावर. बॉल सगळ्यात शेवटी वर आला. त्याच्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी चुलते, म्हणजे आमचे तात्या, तांब्यातून चहा आणायला सांगून ओसरीवर टेकले. समेटाच्या आनंदात त्यांनी माझा फटका बघायची इच्छा दर्शवली. मी दांडा उचलला.

“नदर कुठं ठिवतोस?”

“दांड्याच्या टोकाकडं.”

“मग जाणार की वाकडं. तिफण हाकताना बैलाच्या पायाकडं बघितलं तर तास वाकडं जातं. समोरच्या बांधावरचं झाड धरायचं आन् हात ढिला सोडायचा.” मग थोडं थांबून, “आन् एवढा जोर कशाला? बैल उधळला म्हंजी पेरणी लवकर होती का?”

तात्यांनी जन्मात पूलचं टेबल बघितलेलं नाही. पण शिकवणारे हेच सांगतात: शेवटच्या क्षणी नजर पुढच्या बॉलवर, क्यू शक्य तितका आडवा, मूठ सैल, आणि जोर हाताला आवरता येईल तेवढाच. पांढरा बॉल पहिल्या बॉलला नाकासमोर पूर्ण भिडला तर आपला सगळा वेग त्याला देऊन टाकतो आणि स्वतः टेबलाच्या मध्यावर उभा राहतो. जरा कडेला लागला तर निम्मा जोर वाया जातो आणि पांढरा बॉल वाट फुटेल तिकडे पळतो. शिवाय नऊ फुटी टेबलावरही ब्रेकच्या रेघेपासून पहिल्या बॉलपर्यंतचं अंतर असतं पन्नास इंच, म्हणजे चार फुटांच्या जरासं पुढे. एवढं चार फूट सरळ जाण्यासाठी मी टेम्पो लावून सगळा गोठा ओसरीत आणला होता.

दुसऱ्या दिवशी फरश्या परत गेल्या. एकाच आडव्या रांगेपुरत्या ठेवल्या, पाणसळ लावून समतल केल्या, घोंगडी आजोबांच्या फोटोखाली घडी घालून ठेवली. समोर तुरीचं पोतं उभं केलं, त्यावर कोळशाने बॉलएवढं वर्तुळ काढलं. पांढरा बॉल चार फूट सरळ जाऊन पोत्यात ‘भप्प’ करून थांबायचा. तो उडत नव्हता, वेचावा लागत नव्हता, आडात जात नव्हता. त्याआधी रोज पाण्याची रिकामी बाटली आडवी ठेवून तिच्या तोंडातून दांडा आत-बाहेर करायचा, काठाला न लावता. हात सरळ नसेल तर बाटली लगेच चुगली करते. दांड्याचं टोक जाड पडलं म्हणून रुंद तोंडाची, लोणच्याची बरणी घेतली. खर्च शून्य, आणि बरणीतलं लोणचं आधीच घरच्यांनी संपवलेलं.

पण ओसरीवरची गर्दी गेली. आवाज नाही, फुटतूट नाही, तिथे कोण थांबतं? पुतण्यासुद्धा क्रिकेटला पळाला. बाटली, फरशी आणि पोतं पहिल्या दिवसापासून घरातच होतं. मला तेव्हा दिसलं नाही, कारण मला ब्रेक शिकायचा नव्हता, दणका करायचा होता. आणि दणक्याचं बिल वेगळं येतं. तक्ता जुळवला तेव्हा टेम्पो, सुतार, चांभार, ट्यूब आणि आडातला गडी मिळून जी रक्कम झाली, तिच्यात लातूरला लॉजवर राहून भरपूर ब्रेक मारता आले असते. फक्त तांब्या मिळाला नसता.

स्पर्धेला पुण्यात आलो. पांढरा बॉल गुपचूप जागेवर ठेवला. त्याला कवठाचा बारीक वास येत होता, पण कोणी काही बोललं नाही. पहिला सामना पगारपत्रकं करणाऱ्या मॅडमशी. त्यांचा आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता. ब्रेक माझा. कॅन्टीनमधल्या मंडळींनी आपापले डबे झाकले. मी बांधावरचं झाड धरलं, हात ढिला सोडला. टणकन आवाज झाला, पांढरा बॉल पहिल्या बॉलला नाकासमोर भिडला आणि टेबलाच्या मध्यावर येऊन शांत उभा राहिला. पंधराच्या पंधरा बॉल हिरव्या कापडावर असे एकसारखे पसरले की टाळ्या पडल्या. मी क्यूला टेकून त्या घेतल्या.

बॉल एकही पॉकेटमध्ये गेला नव्हता. अशा वेळी पाळी समोरच्याची असते. मॅडमनी टेबलाभोवती एक फेरी मारली. कुठल्याही बॉलच्या वाटेत दुसरा बॉल नव्हता. इतकी मोकळी मांडणी त्यांना कोणी कधी दिली नसावी. त्यांनी पट्ट्याचे सात बॉल ओळीने घातले, मग काळा घातला, आणि आयुष्यातलं माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या, “थँक यू.” आमच्याकडे हरणारा पुढचा ब्रेक करतो. तो मी आणखी सुंदर केला. त्यांनी आणखी लवकर संपवलं.

ब्रेकनंतर पॉकेटमध्ये बॉल घालायचा खेळ असतो, हे तक्त्यात कुठेच नव्हतं.

पण कीर्ती झाली. ऑफिसातली मंडळी आता शनिवारी एका पार्लरमध्ये खेळायला जातात आणि न चुकता मला बोलावतात. टेबलाचं भाडं ते भरतात, बॉल ते वेचतात, चौकट ते मांडतात. मी फक्त ब्रेक करतो आणि बाजूला बसतो. त्यांचा डाव संपला की पुन्हा ब्रेक. वर चहा मिळतो. ब्रेकचा याहून स्वस्त सराव जगात कुठे होत असेल असं मला वाटत नाही, आणि त्याला लागणारी अट एकच: बाकीचा खेळ इतका वाईट असावा की तुम्हाला ब्रेक देण्यात कोणाला धोका वाटू नये. परवा मी सहज म्हटलं, ब्रेक केल्यावर एखादा डाव मीही खेळून बघू का? सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग मॅडम अतिशय नम्रपणे म्हणाल्या, “खेळा ना. पण मग टेबलाचं भाडं तुम्ही भरायचं.”

मी मनातल्या मनात तक्ता उघडला, बेरीज केली, आणि क्यू खाली ठेवून त्यांना म्हणालो, “आधी तुमचं होऊ द्या.”